वाचनालयाला मदत करायचीय? मग पुस्तकांचं खोकं जरा खाली ठेवा

दर उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाच्या पायरीवर दोन-चार खोकी येऊन पडतात. कुणाचं घर विकलेलं असतं, कुणी मुलाकडे पुण्याला राहायला निघालेलं असतं. मागे असेच एक निवृत्त गुरुजी रिक्षातून तीन खोकी घेऊन आले. "ताई, सरस्वती आहे ही, रद्दीत कशी घालू?" म्हणाले. आमच्या ग्रंथपाल ताईंनी हसून पाणी दिलं, पावती फाडली. गुरुजी गेल्यावर खोकी उघडली. दहावीची गाईडं, तीही जुन्या अभ्यासक्रमाची. तीन खंड नसलेला एक संच. कसरीने जाळी केलेले दिवाळी अंक. आणि तळाशी सहा-सात खरोखर चांगली पुस्तकं. ती सहा-सात शोधायला, पुसायला, दाखल करायला ताईंचे चार दिवस गेले. त्या चार दिवसांचा पगार हिशेबाने काढला तर घरकामाला येणारी बाईसुद्धा तेवढ्यात येणार नाही.

पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण. म्हणून वाचनालयाला मदत म्हटलं की हात आधी पुस्तकाकडे जातो. कार्यकारिणीवर बरीच वर्षं काढल्यावर माझं मत उलट झालंय. आपल्याकडच्या वाचनालयांत तुटवडा पुस्तकांचा कमी, ती देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाच्या पगाराचा जास्त आहे. पुढे लिहिलंय ते हे डोक्यात ठेवून. तुम्ही नव्याने या कामात पडत असाल तर साधारण याच क्रमाने जा.

आधी पाटी वाचा

दारावरच्या पाटीवर बरंच काही लिहिलेलं असतं. 'शासनमान्य, तालुका ब वर्ग' किंवा 'इतर क वर्ग' असं दिसलं तर ते संस्थेने चालवलेलं, सरकारकडून अनुदान घेणारं सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्रात अशी ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय ग्रंथालय वेगळं असतं, तिथले कर्मचारी सरकारी. काही नगरपालिकांची स्वतःची वाचनालयं असतात, तिथला पगार पालिका देते. आणि काही नुसती हौसेने चालतात, त्यांना कुणाचंच अनुदान नसतं. या चौघांचे प्रश्न वेगळे, म्हणून मदतही वेगळी. हा लेख मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे, कारण गावागावांत तेच सापडतं.

एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते, आणि ती कळली की पुढचं सगळं कळतं. शासनमान्य ग्रंथालय हे सरकारी ग्रंथालय नव्हे. 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम' 1967 चा. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय मान्यता देतं, जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणी करतात आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायला रक्कम, मिळतं. पण ताईंना नेमते संस्था. पगार देते संस्था. सरकार फक्त हातभार लावतं. त्यामुळे ग्रंथपालाच्या पगाराचा विषय काढला की सरकार संस्थेकडे बोट दाखवतं, संस्था सरकारकडे. मधल्या खुर्चीवर ताई.

हे असंच असायला हवं असं काही नाही. कोल्हापूर संस्थानाने 1945 सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. मद्रासचा कायदा 1948 चा. तिथे आणि कर्नाटक, केरळातही स्थानिक करासोबत ग्रंथालय उपकर गोळा होतो, म्हणजे ग्रंथालयांसाठी स्वतंत्र पैसा उभा राहतो. गोव्याने तर हा उपकर मद्यावर बसवला. (आता कुणी कोकणी-मराठी वाचक सायंकाळी ग्लास उचलत असेल तर तो नकळत वाचनसंस्कृतीची सेवा करतो, असं म्हणायला हरकत नाही.) महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र असा उपकर नाही. अनुदान दर वर्षीच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे मर्जी आणि तिजोरी पाहून.

सभासद व्हा, आणि खरोखर पुस्तक घेऊन जा

ही पायरी सोपी म्हणून लोक ती गाळतात. थेट देणगी द्यायला येतात, फोटो काढतात. वर्गणी भरायला सांगितलं की म्हणतात, "वाचायला वेळ कुठे मिळतो?"

वर्गणीचे पैसे थोडेच असतात, खरा उपयोग आकड्यांचा असतो. ग्रंथालयाचा वर्ग ठरतो तो सभासद किती, ग्रंथ किती, वर्तमानपत्रं-नियतकालिकं किती, रोज किती तास उघडं, यांवर. तपासणीला अधिकारी आले की पहिल्यांदा देवघेव रजिस्टर मागतात. रोज किती पुस्तकं बाहेर गेली, किती परत आली. वाचनकक्षात येणाऱ्यांची नोंदवही वेगळी असते, त्यात नाव आणि सही. आपण पेपर चाळून तसेच बाहेर पडतो, सही करायचा कंटाळा करतो. ती सही करा. चार ओळींचं निवेदन देण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

घरातल्या मुलांचं बालविभागाचं खातं वेगळं काढा. आणि दिवाळीच्या आधी दिवाळी अंक योजनेत नाव द्या. ठरावीक रक्कम भरायची आणि महिना-दोन महिने लागतील तेवढे अंक वाचायचे, अशी योजना बहुतेक वाचनालयं चालवतात. कित्येक ठिकाणी वर्षातली ही एकच ठळक कमाई असते.

खिडकीत बसणाऱ्या माणसाशी बोला

अध्यक्षांशी नंतर. ताईंशी, किंवा जे सर बसत असतील त्यांच्याशी, गर्दी नसताना पाच मिनिटं बोला. "पगार किती?" असं तोंडावर विचारू नका. "तुमच्याशिवाय इथे अजून कोण असतं?" एवढं विचारलं की बाकी सगळं आपोआप निघतं.

ताईंचा एक दिवस सांगतो. सकाळी कुलूप काढणं, झाडणं, कारण शिपाई अर्धवेळ. पेपर लाकडी दांड्यांना लावणं. आलेली पुस्तकं जागेवर लावणं. नव्या पुस्तकाला चार-पाच ठिकाणी शिक्का, दाखल क्रमांक, वर्गांक (विषयाप्रमाणे दिलेला आकडा), पाठीवर चिठ्ठी, खिसा, कार्ड. आमच्याकडे एक ठरावीक पानही आहे ज्यावर गुप्त शिक्का असतो, म्हणजे मुखपृष्ठ फाडून कुणी पुस्तक लाटलं तरी ओळखता येतं. मग संध्याकाळची देवघेव. त्यात एक आजी येतात, त्यांना आपण काय वाचलंय ते आठवत नाही. ताईंना आठवतं. "हे झालंय तुमचं गणपतीत," म्हणून ताई पुस्तक परत घेतात आणि दुसरं काढून देतात. ही नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

आता हिशेब. अनुदानातला निम्मा भाग वेतनावर, निम्मा वेतनेतर गोष्टींवर, म्हणजे ग्रंथ, नियतकालिकं, भाडं, वीज, बांधणी यांवर. 'ड' वर्गाचं, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाचं, अनुदान कित्येक वर्षं वर्षाला 30 हजार रुपये होतं. त्यातले निम्मे 15 हजार. भागिले 12. महिना 1250 रुपये. हा दिवसाचा आकडा नाही, महिन्याचा आहे. 2022-23 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली तेव्हा पेढे वाटले गेले. त्या वाढीने 1250 चे झाले 2000. मोठ्या ग्रंथालयांचे आकडे मोठे, पण तिथे माणसंही जास्त: ग्रंथपाल, सहायक, निर्गम सहायक (पुस्तकं देणारा), लिपिक, शिपाई. शेवटी माणशी वाटणी करायला बसलं की तीच रड.

वेतनश्रेणी द्या ही कर्मचाऱ्यांची मागणी जुनी आहे. त्यावर प्रभू समिती झाली, पत्की समिती झाली. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या कुठल्याही मेळाव्याला जा, ही दोन नावं दहा मिनिटांत कानावर येतात. तुम्हाला पाठिंबा द्यायचा असेल तर ती ओळखीची असू द्या. नुसतं "ग्रंथपालांवर अन्याय होतो" म्हणणारे पाहुणे त्यांनी खूप पाहिलेत.

वार्षिक अहवाल मागा

सभासद झालात की तो तुमचा हक्क आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, दर वर्षी लेखापरीक्षण होतं, वार्षिक सर्वसाधारण सभा होते. सभेला किती जण असतात? कार्यकारिणी, त्यांचे दोन मेहुणे आणि चहावाला. गणसंख्येअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू. तुम्ही जाऊन बसलात तरी सभेचा सूर बदलतो.

अहवालात सगळं वाचायची गरज नाही. जमा बाजूला अनुदान किती आणि वर्गणी-देणगी किती, हे प्रमाण बघा. अनुदान नव्वद टक्क्यांवर असेल तर ते ग्रंथालय एका धाग्यावर लटकलेलं आहे. खर्चाच्या बाजूला वेतनाची रक्कम बघा आणि बारा महिन्यांनी, माणसांनी भागा. मग 'येणे' आणि 'देणे' बघा. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि उशिरा येणं ही त्याची जुनी सवय. मधल्या काळात पगार थकतो, किंवा एखादा कोषाध्यक्ष खिशातून उचल देतो. 'देणे' खाली कोषाध्यक्षांचंच नाव दिसलं तर संशय घेण्याआधी चौकशी करा, बहुधा तो बिचारा सावकारी करत नसतो, दिवे चालू ठेवत असतो.

अर्थात उलटही घडतं. मी एक ग्रंथालय असं पाहिलंय, जिथे तपासणीच्या आदल्या रात्री शेजारच्या गावातून पुस्तकं टेंपोने आली आणि दुसऱ्या रात्री परत गेली. 2012 साली राज्यभर पडताळणी झाली ती अशाच प्रकारांमुळे. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ कैक वर्षं थांबवली गेली आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं. 'ड' मधून 'क' मध्ये जायला सगळ्या अटी पूर्ण केलेली प्रामाणिक ग्रंथालयं तशीच ताटकळत राहिली. तुमचं ग्रंथालय त्यांतलं असेल, तर वर्गवाढीचा प्रस्ताव सध्या कुठे आहे हे कार्यवाहांना विचारा. तो कुणाच्या तरी कपाटात असतो.

पैसे द्यायचे तर असे द्या

'पुस्तक खरेदीसाठी' असं लिहून देणगी देऊ नका. किंवा त्यासाठी थोडी द्या आणि मोठी रक्कम 'कर्मचारी वेतन' किंवा 'कर्मचारी कल्याण निधी' असं लिहून द्या. पत्रावर तसा उल्लेख करा, पावतीवर तो उतरवून घ्या. संस्था सुरुवातीला बावचळेल, कारण असं कुणी देत नाही. आमच्याकडे एका डॉक्टरांनी दरमहा ठरावीक रक्कम या खात्यात टाकायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला आधी तसं खातंच नव्हतं, ठराव करावा लागला. आता चौघं जण देतात आणि पगार पाच तारखेच्या आत होतो. एकदम मोठ्या रकमेपेक्षा दरमहा छोटी रक्कम बरी. ग्रंथपालाच्या घरचा किराणाही दरमहाच भरायचा असतो.

देणगी धनादेशाने किंवा खात्यावर द्या. आयकरात वजावट हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता आहे का ते आधी विचारा, आणि 2000 रुपयांच्या वर रोख दिलीत तर ती वजावट मिळत नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्या कंपनीकडे सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी असेल तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक ग्रंथालये उभारणे' हा शब्दशः उल्लेख आहे. तो दाखवा. कंपन्यांना शाळा आणि झाडं एवढंच आठवतं.

परदेशातल्या मंडळींसाठी थोडं सावधपणे. तुमच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असाल तर अडचण नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, तुमची देणगी परकीय योगदान ठरते. ते घ्यायला संस्थेची केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते आणि गावच्या वाचनालयाकडे ती जवळपास कधीच नसते. उत्साहाने पाठवलेल्या डॉलरनी संस्था गोत्यात येऊ शकते. भावाला सांगा, त्याला त्याच्या पैशातून द्यायला सांगा.

आणि पुस्तकं द्यायचीच असतील? द्या की. पण आधी यादी पाठवा आणि त्यातली हवी ती निवडायला सांगा. वाळवी-कसर लागलेलं एकही पुस्तक नको, एका पुस्तकातून अख्खं कपाट जातं. पाठ्यपुस्तकं, गाईडं, अपुरे संच नकोत. दाखल झालेलं पुस्तक बाद करायला यादी, ठराव, मंजुरी असं सगळं लागतं, म्हणून नको असलेलं पुस्तक वर्षानुवर्षं जागा अडवून बसतं. सर्वांत उत्तम म्हणजे ताईंना विचारा, "लोक काय मागतात आणि तुमच्याकडे नसतं?" त्या खणातून एक वही काढतील. ती वही म्हणजे खरी खरेदीयादी. आमच्या वहीत गेल्या वर्षी सर्वांत जास्त मागणी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना होती, त्याखालोखाल स्वयंपाकाच्या.

संस्थेच्या पातळीवर अजून एक दार आहे, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. 1972 साली स्थापन झालेली केंद्राची संस्था, मुख्यालय कोलकात्यात. तिच्या समान निधी (राज्याचाही वाटा असलेल्या) आणि असमान निधी (फक्त प्रतिष्ठानच्या पैशाच्या) अशा योजना आहेत, त्यांतून ग्रंथ, फर्निचर, इमारत यांना मदत मिळते. अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो. कागदपत्रं भरपूर लागतात. तुम्हाला फॉर्म भरायची हातोटी असेल तर ही मदत हजारो रुपयांच्या देणगीपेक्षा मोलाची, कारण कार्यकारिणीतले बरेचसे ज्येष्ठ 'अपलोड' हा शब्द ऐकूनच चष्मा काढून ठेवतात.

वेळ द्यायचा असेल तर

ताईंना विचारून द्या. एका उत्साही तरुणाने आमच्याकडची एक अख्खी मांडणी रंगांप्रमाणे लावली होती. फोटो सुंदर आला. वर्गांकाप्रमाणे परत लावायला आठवडा गेला.

खरा उपयोग होतो तो वार्षिक ग्रंथमोजणीला, एक जण दाखल रजिस्टर वाचतो, दुसरा कपाटात पुस्तक शोधतो, दिवसभर. किंवा संगणकीकरणाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही ग्रंथालयांसाठीची प्रणाली आहे, पण दहा हजार नोंदी कुणीतरी टंकायच्या असतात. रविवारी दोन तास मुलांना गोष्टी वाचून दाखवणं हेही आहेच.

एक मात्र सांभाळा. तुम्ही फुकट बसता म्हणून कार्यकारिणीने सहायकाची जागा रिकामी ठेवली, असं होऊ देऊ नका. तसा विषय निघाला तर सरळ सांगा की मी येईन, पण पगारी माणसाच्या जोडीला.

वर मागणी करायची असेल तर

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासून सुरू करा. घरपट्टी, पाणीपट्टीत सूट, जागेचं नाममात्र भाडं, अभ्यासिकेची वीज, या गोष्टी गावात मिटतात. मग जिल्हा ग्रंथालय अधिकारी. ते कार्यालयही बहुधा अपुऱ्या माणसांवर चालतं, तेव्हा भांडायला न जाता विचारायला जा. मग आमदार, आणि तेही अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी.

पत्र एका पानाचं असावं. 'वाचनसंस्कृती लयाला चालली आहे' हे वाक्य त्यात नसावं, ते वाचून कुणाचंही पान उलटतं. असं लिहा: "आमच्या ग्रंथालयात 212 सभासद आहेत. रोज सरासरी 40 वाचक येतात. ग्रंथपाल 14 वर्षं काम करतात. त्यांना अनुदानातून महिना इतके रुपये मिळतात. मागचा हप्ता इतके महिने उशिरा आला. पुढचा वेळेवर मिळावा आणि वेतनाचा भाग वाढावा." आकडे अर्थातच तुमचे घाला. खाली सभासदांच्या सह्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नका, साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर टाका.

12 ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जन्मदिनी, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी सत्कार करायचा असेल तर शाल-श्रीफळ घरात आधीच तीन असतात. पाकीट द्या.

पहिल्या दिवशी

दोन फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत आणि वर्गणीपुरते सुटे पैसे न्या. दुपारी बारा ते चार बहुतेक ठिकाणी कुलूप असतं, म्हणून संध्याकाळी पाचनंतर जा. साप्ताहिक सुट्टी कधी, ते दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. पाऊस असेल तर पुस्तकासाठी प्लास्टिकची पिशवी घ्या, ताई तुमच्या हातात पुस्तक देण्याआधी ती आहे का ते बघतात.